जाळ्याच्या काठाचे हत्ती

१९ नोव्हेंबर १९८५

बाबांचं जुनं फेकजाळं आज सोडवायला घेतलं. सूत पार कुजलं होतं. यंदा पहिल्यांदाच नायलॉनचं विणलंय. पांढरंशुभ्र. मायला ते मच्छरदाणीसारखं दिसतं. म्हणाली, "मासे त्यात झोपाले येतीन."

जुन्या काठाचं शिसं काढून नव्या काठाला लावायचं, हे दोन माणसांचं काम. मी प्रौढ शिक्षण केंद्रावरून आले (आज सातच बाया, धान कापणी चालू आहे) आणि बाबांच्या समोर बसले. दोरीवर दुमडलेला शिशाचा एकेक तुकडा सुरीच्या टोकानं उकलायचा आणि परातीत टाकायचा.

एक तुकडा जरा जास्तच उघडला. आत हत्ती. सोंड वर केलेला.

हत्ती मला नवा नाही. लहानपणी आम्ही त्यावर खेळायचो. बाबांकडून एखादा सुटा तुकडा मागून घ्यायचा, उडवायचा, हत्ती वर पडला की आपला डाव. पण आज तो हातात धरून मी बसूनच राहिले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात डाव्या पानावर खाली असाच काळपट फोटो होता. 'सातवाहनकालीन नाणे'. त्यावर परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहिली होती मी. साडेतीन मिळाले होते.

तेव्हा घरी जाळ्याला दोनशेच्या वर हत्ती लटकत होते.

२० नोव्हें.

बाबांना विचारलं, हे शिसं कुठून आलं. म्हणाले, बापाचं. बापाला कुठून? त्याच्या बापाचं. सूत तीन-चार वर्षांत सडतं, जाळं नवं विणावं लागतं, पण शिसं तेच चालतं. बाबा आणि त्यांचे भाऊ वेगळे निघाले तेव्हा भांडी वाटली नाहीत, ती मोठेबाबांना, म्हणजे थोरल्या भावाला गेली. शिसं मात्र तराजूत घालून अर्धं-अर्धं केलं. आमच्या घरात शिसं बाजारातून कधी आणलं नाही. कमी पडलं तर?

"आणतो."

कुठून ते बोलले नाहीत. आणि मला एकदम आठवलं. उन्हाळ्यात बाबा लोखंडी पळीत शिसं वितळवायचे. झिजलेले, फुटलेले तुकडे पळीत टाकून त्याच्या गोळ्या करायचे. फुंकणीनं चूल फुंकायचं काम माझं. शिसं पाण्यासारखं झालं की वर राखाडी साय यायची, ती काडीनं बाजूला करायची. मला ते फार आवडायचं.

किती हत्ती मी फुंकले असतील? मोजता येत नाही. मोजू नये असंही वाटतं.

२८ नोव्हें.

चंद्रपूरला जाऊन आले. नऊ हत्ती रुमालात बांधून नेले. बाबांनी स्वतः निवडून दिले, कमी झिजलेले.

कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवणारे देशकर सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. आधी विचारलं, बी.एड.चं काय झालं? मी रुमाल सोडला. मग त्यांनी काहीच विचारलं नाही. खिडकीशी नेऊन भिंगातून एकेक बघत राहिले. चहा आला, गार झाला. शेवटी म्हणाले, "दार लावून घे गं."

एका बाजूला हत्ती. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं अधिकाच्या खुणेनं जोडलेली. हत्तीच्या वर गोलाकार ब्राह्मी अक्षरं. सर बोटानं हवेत गिरवत वाचत होते. पहिला शब्द 'राजाचे'. मग 'श्री'. पुढे कोणत्या राजाचे?

तिथेच दुमड. नऊच्या नऊ नाण्यांवर तिथेच. हत्तीच्या पाठीवरून शिसं वाकवायला सोपं जातं, म्हणून आमच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या नावावरच घडी घातली. वाकवलं तिथे अक्षरं चिरडली किंवा तडकली.

मला रडू आलं. सर हसले. "राजाला दोन हजार वर्षं झाली. तू आजच कशाला रडतेस?"

मी विचारलं, याची किंमत किती? लगेच ओशाळले. पण मायनं निघताना दोनदा बजावलं होतं, विचारून येजो. सरांना राग आला नाही. म्हणाले, बाजारभाव मला माहीत नाही, तो दुकानदाराला विचार. माझ्यापुरतं सांगतो. कुठलं आहे हे कळलं नाही तर हे फक्त शिसं. कुठलं आहे हे कळलं तर आपल्या भागाच्या नकाशावर एक गाव वाढेल. त्या काळी इथे जंगलच होतं असं सगळे लिहितात. मीही तसंच शिकवतो.

परतताना एस.टी.त मूल गावापर्यंत उभी होते. पाय दुखले नाहीत.

९ डिसेंबर

एम.ए.ची चौकशी करायला नागपूर. ते काम दहा मिनिटांत आटोपलं. प्रवेश जूनमध्ये, हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाही तर कठीण. मग इतवारीत विचारत विचारत जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. चांदीच्या दोन दुकानांच्या मधे एक बोळ, आत गादी. शेटजी चष्मा कपाळावर चढवून बसलेले. मी रुमाल सोडला.

"हे काय बाई, दात पाडले काय हत्तीचे?"

दुमडलेलं एक नाणं त्यांनी चिमट्यात धरलं आणि मी नको म्हणायच्या आत सरळ केलं. टक्. दोन तुकडे. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, बघा, असं आहे. दुमडलेल्याचे चार रुपये, तेही तुम्ही लांबून आल्या म्हणून. चहा माझ्याकडून. सपाट असेल, अक्षरं पुरी असतील, तर दीडशे. फारच चांगलं असेल तर बसून बोलू.

मी विचारलं, कुठलं आहे यानं किंमत बदलते का? ते हसले. "गिऱ्हाईक डब्बीत ठेवते बाई, नकाशावर नाई ठेवत."

मी विकलं नाही. तुटलेलं धरून नऊही परत आणले. ते रागावले नाहीत. सपाटाला गिऱ्हाईक आलं तर कळवतो म्हणाले, आणि वही पुढे केली. नाव, पत्ता. मी लिहिलं. कुमारी. पूर्ण नाव. बी.ए. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा गडचिरोली.

१० डिसें.

घरी सांगितलं. चार रुपये ऐकून मायनं परात बाजूला सारली. "पंधरा वर्स शिकोली तुले. चार रुपये."

बाबा म्हणाले, "सपाटाचे दीडशे म्हणते न तो?"

"हो."

"मंग त्याच्या जाळ्याले सपाट लाव म्हणा."

माय हसली. मीही. नंतर वाटलं, बाबा सपाट नाण्याबद्दल इतकं सहज का बोलले? सपाट असतात हे त्यांना माहीत आहे.

२१ डिसें.

सरांचं जाड पाकीट. पोस्टमननं चावडीवर सगळ्यांसमोर हातावर तोलून दिलं, त्यामुळे गावभर झालं. आत छापील वर्णनपत्र आणि सरांनी हातानं काढलेला नदीचा नकाशा. आमच्या गावापासून वर आणि खाली तीन-तीन कोस, वळणं, नाले, घाट, सगळं. सोबत पत्र.

सर लेख लिहिणार. त्यात शोधणारी म्हणून माझं नाव घालणार, 'आभार' मध्ये नाही, शीर्षकाखाली. असा एक छापील लेख असेल तर एम.ए.च्या शिष्यवृत्तीसाठी ते स्वतः शिफारस करतील. मी फक्त वर्णनपत्र भरायचं आणि नकाशावर एक टिंब द्यायचं. खाली रेघ मारून लिहिलंय, 'ठिकाण मिळाले नाही तर लेख होणार नाही.'

पत्र चार वेळा वाचलं. आमच्या ढिवरांच्या घरातलं नाव छापून येणार. मतदार यादीत सोडून कुठेच आलेलं नाही.

वर्णनपत्रातले रकाने: धातू. वजन. आकार. चिन्हे. सापडल्याचे ठिकाण (एक ओळ). शोधणाऱ्याचे नाव.

चार रकाने भरले.

२३ डिसें.

बाबांना विचारलं. सरळ विचारलं, शिसं कुठून आणता?

ते जाळ्याचा काठ बांधत होते. हात थांबला नाही. म्हणाले, घाटावरच्या दगडी देवळाचं तुले आठवते? मला आठवतं. त्या ओट्यावर सगळ्यांची जाळी वाळायची. मी तिसरीत असेन तेव्हा पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागली. मग काटेरी तार आली. मग चौकीदार. आता तिथे जाळं टाकलं तर तो ओरडतो. देऊळ तेवढंच आहे, पडझडही थांबली, ते चांगलंच झालं. पण जाळी गेली काट्यांवर.

"शिसं भेटते तिथी डोह आहे," बाबा म्हणाले. "थंडीत मोठा मासा तिथीच बसते. आपलं घर त्याच्यावर चालते. तुही फी त्याच्यावरच गेली. तिथी पाटी लागली का मंग मी कुठी जाऊ?"

पाटी लागेलच असं नाही, असं मी म्हणाले. लागणार नाही असं मात्र म्हणता आलं नाही.

मग मी सातवाहनांबद्दल सांगायला लागले. दोन हजार वर्षांपूर्वी इथून व्यापारी जात असतील, नदीतून माल, गाव असेल, बाजार भरत असेल. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "होते न. विटा आहेत तिथी. हातभर लांब."

त्यांना हे सगळं माहीत होतं. मला कोणी विचारलंच नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. की मला तसं वाटलं.

५ जानेवारी १९८६

आज बाजारात एक नवा माणूस. बांगडीवाल्याच्या बाजूला पोतं टाकून बसलेला, समोर तराजू. "हत्तीवालं शिसं" घेतो म्हणे. एका तुकड्याचे दहा रुपये. सपाट असेल तर शंभर, तिथल्या तिथे.

मी जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिशातून चिठ्ठी काढली आणि विचारलं, "बी.ए. वाल्या बाई तुम्हीच का?"

माझं अक्षर नव्हतं. शेटजींनी उतरवून दिलेलं असणार. पण शब्द सगळे माझेच. कुमारी. बी.ए. सुद्धा.

घरी येऊन बाबांना लगेच सांगितलं. लपवलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग, "नाव कायले लिव्हलं?"

"त्यांनी वही पुढे केली."

"अन् पत्ता?"

मी मान हलवली.

"शिकलेल्या माणसाले कागद दिसला का राहवत नाई," म्हणाले. हसूनच म्हणाले. जेवले नाहीत मात्र.

१२ जाने.

गावात सगळ्यांनी जाळी तपासली. बाकीच्यांचं शिसं बाजारातलं, त्यावर हत्ती नाही. मोठेबाबांच्या वाट्याचं अर्धं मात्र तेच. सुखदेव, मोठेबाबांचा मुलगा, जाळ्याचा अख्खा काठ कापून घेऊन गेला. सातशेच्या वर रुपये आले. चौकात सगळ्यांना चहा पाजला. आमच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हणाला, "काकाजीचं घर तर बँक आहे बापा. लॉकर उघडत नाई तेवढं."

माय आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज वाढला.

नंतर मी त्याला भेटले. म्हटलं दादा, शिसं विकलं, आता जाळं पाण्यात बुडेल कशानं? म्हणाला, बाजारातून शिसं घेईन, उरलेल्या पैशात सायकल. त्याचं चूक कुठे आहे हे मला सांगता येईना. मी स्वतः नागपूरला भावच विचारायला गेले होते.

त्यालाही डोह माहीत नाही. मोठेबाबा लवकर गेले, दाखवायचं राहिलं. पण तो आता बाबांच्या डोंग्याकडे, आमच्या होडीकडे, बघत असतो. सकाळी घाटावर दात घासत उभा राहतो, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

१५ जाने.

काल संक्रांत. केंद्रावरच्या बाया तीळगूळ घेऊन आल्या. आज त्यांना 'नदी' शब्द शिकवला. एक म्हातारी बाई म्हणाली, एवढीशी काढली वो बाई नदी, हिच्यात बकरी नाई बुडत. सगळ्या हसल्या.

बाबा चार दिवस डोहावर गेलेले नाहीत. शेजाऱ्याचं जाळं मागून आणून उथळ पाण्यात टाकतात, बोटाएवढे मासे येतात. सुखदेव बघतो म्हणून. माय बाजारात टोपली घेऊन बसली आणि तशीच परत आली.

हे माझ्यामुळे. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

१९ जाने.

आज सकाळी बाबा म्हणाले, चाल.

सुखदेव सासुरवाडीला गेला होता. डोंग्यात मी पुढे, ते मागे उभे, बांबूनं रेटत. किती गेलो ते इथे लिहीत नाही. (ही वही कोण वाचणार आहे? तरी लिहीत नाही.)

काठ उभा कापलेला. दोन पुरुष उंच. वर झुडपं, खाली डोह, पाणी हिरवं आणि अगदी स्तब्ध. कापलेल्या मातीत थर. बाबा बांबूच्या टोकानं दाखवत गेले. वरचा पिवळा, तो पुराचा. खाली राख. राखेत लाल खापरं. त्याखाली विटा, खरंच हातभर. विटांच्या खाली काळं चकचकीत खापर, "हे आता कोनाले बनोता येत नाई." प्रत्येक पावसाळ्यात काठ थोडा ढासळतो. पाणी उतरलं की चिखलात शिसं पडलेलं असतं. तेवढंच उचलायचं.

"खणलं नाही कधी?"

"नाई. नदीनं टाकलं तेवढं आपलं. बापानं सांगतलं होतं. खणलं तर काठ येते खाली, डोह बुजते, मासा जाते."

म्हणून हे सगळं अजून इथे आहे. कुणी पाटी लावली नाही, कुणी तार घातली नाही.

मग मला ते दिसलं. राखेच्या थरात, खांद्याएवढ्या उंचीवर, मातीतून एक गोल कडा बाहेर आलेली. जेमतेम नखाएवढी. डोंगा काठाला लावला तर हात पोचत होता. पोचला. कडेवर बोट ठेवलं. गार होती. दुमडलेली नव्हती.

दीडशे रुपये मनात आले नाहीत. आले ते राजाचं नाव. सरांना जे वाचता आलं नाही, ते या मातीच्या आत कुठेतरी अख्खं असेल.

बाबा बांबू धरून उभे होते. मी बोट काढलं.

परत येताना विचारलं, ओढलं असतं तर? म्हणाले, "तुले आनलं न मी. आता तू पाह्य."

२० जाने.

झोप नीट झाली नाही. ओढलं नाही यात चांगुलपणा किती आणि बाबा समोर होते म्हणून किती?

सरांचं म्हणणं, वस्तू जागेवरून हलली की मुकी होते. बाबांचं म्हणणंही थोडंफार तेच, शब्द वेगळे. पण सर म्हणतात सांगा, आणि बाबा म्हणतात सांगू नका. दोघांनाही काठ वाचवायचा आहे. मला दोघांचंही पटतं. असं असणं म्हणजे प्रामाणिकपणा की नुसता…

२२ जाने.

सरांना सगळं लिहिलं. ठिकाण सोडून. दुकानातली वही, तराजूवाला, सुखदेव, डोह, मासा, देवळावरची पाटी. विचारलं, तार पडणार नाही असं लिहून देता येईल का?

१ फेब्रुवारी

सरांचं उत्तर. लहानच पत्र, पण कार्डावर नाही, बंद पाकिटात.

'तार पडणार नाही असे वचन मी देऊ शकत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि खोटे वचन तुला देणार नाही. जमिनीतले निघाले की सरकारला कळवणे भाग असते. पण मी गप्प बसलो तर तो तराजूवाला मे महिन्यात पाणी आटल्यावर फावडे घेऊन येईल. त्याला ठिकाण आज ना उद्या कळेल. तेव्हा डोहही जाईल आणि मातीतले गावही. तुझ्या वडिलांना विचार. मी लेखाची घाई करीत नाही. शिफारसपत्र लेखाशिवायही देईन, मात्र त्याला तेवढे वजन असणार नाही.'

शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. की लिहिलं हेच बरं.

बाबांना वाचून दाखवलं. "मानूस खरा बोलते," म्हणाले. पुन्हा वाचायला लावलं. 'गावही' हा शब्द आला तेव्हा मान हलवली.

४ फेब्रु.

सुखदेव सायकल दाखवायला आला. नवी घंटी. जाता जाता बाबांना म्हणाला, तो नागपूरचा तराजूवाला म्हणते जागा दाखवली तर दोन हजार रोख. बाबा म्हणाले, "दाखव मंग." सुखदेव घंटी वाजवत गेला.

नायलॉनच्या जाळ्याला अजून शिसं लावलेलं नाही. परातीतले हत्ती तसेच आहेत. मायनं पीठ मळायला दुसरी परात मागून आणली, पण ते उचलून बाजूला ठेवले नाहीत.

१० फेब्रु.

दुपारी बाबा जेवून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, तो कागद काढ.

वर्णनपत्र काढलं. सगळे रकाने वाचून दाखवायला सांगितले. 'शोधणाऱ्याचे नाव' वाचलं तेव्हा विचारलं, कोनाचं लिव्हलं? मी म्हटलं, सर माझं लिहा म्हणाले होते, पण मी अजून…

"लिही न. तूच पाह्यलं. आमी तर नुसतं बांधत होतो."

मी माझं नाव लिहिलं. त्याच्या आधी त्यांचं लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं नाही.

मग ठिकाणाचा रकाना. किती शब्द मावतात विचारलं. म्हटलं एक ओळ.

"एका ओळीत कसा येईन तो? दुसरा कागद घे."

आणि सांगायला लागले. घाटावरून निघालं की पहिल्या वळणापर्यंत डाव्या काठानं. मग पाण्याला चिखलाचा रंग सुटतो, तिथून मधे घ्यायचं. काळा खडक उन्हाळ्यात दिसतो, आता नाही, पण त्याच्यावर पाणी थरथरतं ते ओळखायचं. त्याला उजवीकडे टाकायचं. जिथे बांबू तळाला लागायचा थांबतो तिथे बसून जायचं, कारण वरची फांदी लागते. मग वास येतो. कशाचा? "डोहाचा." मी लिहीत गेले. अडीच पानं झाली. वाचून दाखवलं, त्यांनी दोन जागी दुरुस्त केलं. फांदी कोणत्या झाडाची ते घालायला लावलं.

म्हटलं, बाबा, हे वाचून सरांना नाही सापडणार.

"सापडन कसं? त्याहिले इथी याव लागन. डोंग्यात बसाव लागन. मी नेतो. पाहू दे मासे कुठी बसतात ते. मंग काय लिव्हाचं ते त्याहिनं लिव्हावं."

"आणि तोवर सुखदेव?"

बाबा म्हणाले, त्यालेबी बसवतो डोंग्यात. त्याच्याही बापाचं आहे ते.

मी नकाशा पुढे केला. सरांनी टिंब मागितलंय. बाबांनी तो हातात घेऊन सरळ-उलटा करून पाहिला. आमचं गाव दाखवलं, वळण दाखवलं. ते बोटानं नदीवरून हळूहळू वर गेले आणि बरोबर त्या जागेवर थांबले. जरा हसू आलं त्यांना. मग बोट काढून घेतलं, नकाशा माझ्या मांडीवर ठेवला आणि जाळं खांद्यावर टाकून निघून गेले. टिंब दे किंवा देऊ नको, काहीच म्हणाले नाहीत.

अडीच पानं पाकिटात घातली आहेत. वर्णनपत्रही. टिंब दिलं तर सर एकटे, सरकारी जीप घेऊन थेट पोचतील. नाही दिलं तर बाबांची वाट पाहावी लागेल, सरांना सवड केव्हा होईल, मे केव्हा येईल. बाबांचं बोट नकाशावर जिथे थांबलं होतं तिथे ओल्या हाताचा पुसट डाग उमटला होता. तो आता वाळला. दिसत नाही. मला मात्र जागा माहीत आहे.

टपाल चारच्या गाडीनं जातं. पावणेतीन झालेत. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.